वेळापत्रक आणि घाट : अमालिया उलमन ह्यांच्या एका कलाकृतीच्या निमित्ताने

चित्रे केव्हा प्रसिद्ध करावीत, हा प्रश्न कलासमीक्षेचा नव्हे, दुकानदारीचा आहे, असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. इन्स्टाग्रामसारख्या चित्रप्रसाराच्या माध्यमांवर प्रेक्षकवर्ग कसा वाढवावा ह्याविषयीचे मार्गदर्शनपर वाङ्मय आज विपुल आहे. आठवड्यातून किती चित्रे द्यावीत, कोणत्या वारी, कोणत्या घटकेला द्यावीत, रंगांची संगती कशी राखावी, ह्यांचे नियम त्यात सांगितलेले असतात. हे वाङ्मय समीक्षक वाचत नाहीत, आणि ते लिहिणारे समीक्षा वाचत नाहीत. प्रस्तुत लेखाचा आग्रह असा की, ह्या माध्यमातील कृतीचे वेळापत्रक हे तिच्या घाटाचे अंग असू शकते, आणि ते वगळून केलेले तिचे विवेचन अपुरे राहते. मात्र ‘असू शकते’ आणि ‘असते’ ह्यांतील अंतर विसरून चालणार नाही. पुष्कळशी वेळापत्रके निव्वळ वेळापत्रकेच असतात.

लेसिंगने आपल्या ‘लाओकोऑन’ ह्या १७६६ सालच्या ग्रंथात चित्रकला ही अवकाशाची आणि काव्य ही कालाची कला अशी विभागणी केली. ती पुढे अनेकांनी खोडून काढली, तरी आपल्या विचारात ती अजून रुजलेली आहे. इन्स्टाग्रामवरील चित्रमालिका ह्या विभागणीला एका चमत्कारिक रीतीने छेद देते. एकच मालिका तेथे दोन प्रकारे दिसते. प्रेक्षकाच्या फीडमध्ये तिचे एकेक चित्र वेगवेगळ्या दिवशी, इतरांच्या चित्रांच्या गर्दीत येते. कर्त्याच्या स्वतःच्या पानावर मात्र तीच चित्रे तीन-तीनांच्या ओळींत, सर्वांत नवे सर्वांत वर, अशी एकत्र मांडलेली असतात. म्हणजे जो रोज पाहतो त्याला कथानक सुलट क्रमाने पण तुकड्यांनी मिळते, आणि जो मागाहून पानावर येतो त्याला ते अखंड पण उलट क्रमाने, शेवटाकडून आरंभाकडे, मिळते. कादंबरीच्या वाचकावर असा प्रसंग कधी येत नाही.

ठरलेल्या वेळी प्रसिद्ध होणाऱ्या सचित्र कृती नवीन नाहीत, हे येथे आठवावे. डिकन्सचे ‘पिक्विक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये महिन्याच्या महिन्याला, चित्रांसह, अंकाअंकाने निघत असे. १८३७ च्या मे महिन्यात डिकन्सची तरुण मेहुणी मेरी होगार्थ वारली आणि त्या महिन्याअखेरचा अंक निघालाच नाही. तो अंक आला नाही, हे वाचकांना कळले. कारण तो केव्हा यायचा हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांनीही एक वेळच निवडली होती. पण ती वेळ संपादकाने शोधून काढलेली नव्हती. ती पंचांगात होती, आणि वाचकाच्या घरातही होती. पुढे दीनानाथ दलालांसारख्यांच्या मुखपृष्ठांची लोक वाट पाहत, तेही ह्याच कारणाने. इन्स्टाग्रामच्या वेळापत्रकाचे वैशिष्ट्य असे की, वेळ प्रसिद्ध करणाऱ्याने ठरविलेली असते, पण पाहणाऱ्याला ती ठाऊक नसते. एखादे दिवशी चित्र आले नाही तर त्याची अनुपस्थिती कोणास जाणवत नाही. दुसरे कोणाचे तरी चित्र तेथे असतेच. ज्या नियमिततेचा भंग जाणवू शकत नाही, तिला लय म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाला एक ऐतिहासिक बाजूही आहे. इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाले. पहिली साडेपाच वर्षे तेथील फीड कालक्रमानुसारच असे. ताजे चित्र वर, जुने खाली. २०१६ च्या मार्चमध्ये ही मांडणी बदलण्याचे जाहीर झाले. सरासरीने प्रेक्षकाच्या नजरेतून त्याच्या फीडमधील ७० टक्के मजकूर निसटतो, असे कारण कंपनीने तेव्हा दिले होते. त्याच वर्षी, ज्यात त्या त्या प्रेक्षकाला रस वाटेल असा यंत्राचा अंदाज असेल ते आधी, अशी मांडणी रूढ झाली. २०२२ च्या मार्चमध्ये कालक्रमाने पाहण्याची सोय परत आली, पण ती ऐच्छिक म्हणून. मूळ मांडणी म्हणून नव्हे. गंमत अशी की, वेळेचे महत्त्व असे कमी होत असतानाच वेळ ठरविण्याची साधने वाढत गेली. २०१८ पर्यंत बाहेरची साधने बहुधा केवळ आठवण करून देत आणि चित्र मनुष्याला स्वतः चढवावे लागे. त्या वर्षी व्यावसायिक खात्यांना ते परस्पर चढविण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या अखेरीस तर खुद्द इन्स्टाग्रामनेच ७५ दिवस आधीपर्यंत वेळ नेमून ठेवण्याची सोय दिली.

‘सर्वोत्तम वेळे’ची जी कोष्टके छापली जातात, त्यांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपले विद्यार्थीही ती प्रमाण मानून उद्धृत करू लागले आहेत. ही कोष्टके असंख्य खात्यांच्या सरासरीवरून काढलेली असतात. ज्या संस्थांकडे पगारी माणसे आणि मोठा प्रेक्षकवर्ग आहे, त्या कचेरीच्या वेळात चित्रे देतात. त्यांच्या चित्रांना प्रतिसाद अधिक मिळतो, आणि मग कचेरीची वेळच फलदायी आहे असे अनुमान निघते. ह्यात कार्य कोणते आणि कारण कोणते हे उलगडत नाही. शिवाय सर्वांनी एकच वेळ पाळली तर त्या वेळी गर्दी होऊन लाभ नाहीसा होतो, ही साधी गोष्ट कोष्टककारांच्या ध्यानात येत नाही. किंवा येत असली तर ते बोलत नाहीत. स्वतःच्या प्रेक्षकांचे निरीक्षण करून काढलेल्या अनुमानास काही मोल आहे. परक्याच्या सरासरीस ते नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. अमालिया उलमन ही अर्जेंटिनात जन्मलेली, स्पेनमध्ये वाढलेली आणि लंडनमध्ये शिकलेली चित्रकर्त्री. २०१४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर एक कृती सादर केली. तिचे नाव ‘एक्सलन्सेस अँड परफेक्शन्स’. सादर होत असताना ती कृती आहे हे बहुतेक पाहणाऱ्यांना कळले नाही. आरंभी एका चित्रावर ‘भाग पहिला’ अशा अर्थाची अक्षरे होती, पण अशा अक्षरांकडे कोण लक्ष देतो! नंतर लॉस एंजलिसमध्ये नुकत्याच आलेल्या एका गोजिरवाण्या तरुणीची फिकट गुलाबी, फुलाफुलांची चित्रे येऊ लागली. मग प्रेमभंग. मग श्रीमंत पुरुषांच्या पैशावर जगणारी, स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे भासविणारी, उद्धट, अखेर कॅमेऱ्यासमोर रडणारी स्त्री. मग क्षमायाचना, आणि तिसऱ्या भागात योगासने, पौष्टिक न्याहारी, कुटुंब आणि शांती. शस्त्रक्रिया झालीच नव्हती. सारे आधी लिहून काढलेल्या संहितेबरहुकूम होते.

ह्या कृतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील एका प्रदर्शनात ती मांडली गेली. बहुतेक लेखन स्त्रीदेहाचे प्रदर्शन, खरेखोटेपणा, उपभोगवाद ह्या आशयाच्या बाजूने आहे. चित्रे चढविण्याचा वेग आणि वेळ ह्यांचे संकेत उलमनने कटाक्षाने पाळले होते, ह्याचा उल्लेख काहींनी केला आहे. पण तो वेषभूषा, नेपथ्य, हॅशटॅग ह्यांच्या पंक्तीत, विश्वसनीयता आणणारे एक साधन म्हणून. माझ्या मते ते ह्याहून अधिक आहे. एकेक चित्र सुटे काढून पाहा. त्यांतील बहुतेक सामान्य आहेत, आणि तसे ते मुद्दाम आहेत. त्यांच्यात रचनेचे कौशल्य शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. आरशासमोर स्वतःचे घेतलेले छायाचित्र, हॉटेलातील पांघरूण, कॉफीचा पेला : असली चित्रे लाखांनी निघतात. कृतीचा सारा भार दोन चित्रांच्या मधल्या वेळेवर आहे. रडण्याच्या चित्रफितीनंतर क्षमायाचना लगेच आली असती तर ती नाटकी वाटली असती, फार उशिरा आली असती तर प्रेक्षक विसरला असता. २०१४ साली फीड कालक्रमाने असल्यामुळे हा मधला वेळ प्रेक्षकाला जवळजवळ जसाच्या तसा पोहोचत होता. नाटककाराच्या हाती जसा विराम, तसा तो तिच्या हाती होता.

मर्ढेकरांनी सौंदर्यभावनेचा उलगडा करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली. त्यांचा विचार मुख्यत्वे एकेका कृतीच्या अंतर्गत रचनेचा आहे. तो येथे ताणून लावण्याचा मोह होतो, आणि तो काही अंशी सफलही होतो. पहिल्या भागात संवाद आहे : रंग, वस्तू आणि दिनक्रम एकमेकांस पुष्टी देतात. दुसऱ्या भागात विरोध आहे, आणि तो चित्रांत जेवढा आहे तेवढाच त्यांच्या येण्याच्या गतीतही आहे. तिसऱ्या भागात समतोल अभिप्रेत आहे. परंतु येथे कृती ढिली पडते असे मला वाटते. शांत, नियमित, निरोगी जीवनाचा उपहास करताना कृती स्वतःच नियमित होते, आणि उपहासाची धार त्या नियमिततेत बोथट होते. पुढे काय येणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. दुसऱ्या भागाचा ताण ज्याने अनुभवला आहे त्याला शेवटचे आठवडे लांबल्यासारखे वाटतात. हा दोष आशयाचा नाही. कालयोजनेचा आहे, आणि म्हणूनच कालयोजनेला घाटाचे अंग मानल्याशिवाय तो सांगताही येत नाही.

ह्या दृष्टीने उलमनच्या शेजारी माइक विंकलमन ह्या अमेरिकन संगणकचित्रकाराची ‘एव्हरीडेज’ ही मालिका ठेवून पाहावी. बीपल ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या गृहस्थाने १ मे २००७ पासून रोज एक चित्र पुरे करून प्रसिद्ध करण्याचा नेम धरला. पहिल्या ५००० चित्रांची एकत्र जुळवणी ११ मार्च २०२१ रोजी क्रिस्टीज ह्या लिलावसंस्थेत ६ कोटी ९३ लाख डॉलरांस विकली गेली, हे सर्वश्रुत आहे. चिकाटी थक्क करणारी आहे, ह्यात शंका नाही. पण ५००० ह्या संख्येपलीकडे त्या नेमाचा घाटाशी संबंध काय? मंगळवारचे चित्र बुधवारी आले असते तरी काहीही बिघडले नसते. जुळवणीत तर प्रत्येक चित्र एका ठिपक्याएवढे होते, आणि तेरा-चौदा वर्षांचा काल एका चौरसात थिजून जातो. ओन कावारा ह्या जपानी चित्रकाराने ४ जानेवारी १९६६ पासून तारखांची चित्रे काढली. त्याचा नेम असा की, ज्या दिवसाची तारीख त्या दिवशीच मध्यरात्रीपूर्वी चित्र पुरे झाले पाहिजे, नाही तर ते नष्ट करायचे. तेथे वेळ हाच विषय आहे आणि चुकण्याला शिक्षाही आहे. कावाराला प्रेक्षक वाढवायचे नव्हते, हे मात्र नमूद केले पाहिजे. प्रेक्षक वाढविण्याची खटपट आणि कालाचा घाट ही दोन्ही एका कृतीत नांदू शकतात, एवढेच उलमनने दाखवून दिले. आणि तेही फसवणुकीच्या आधाराने.

आता ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांसाठी पाठाचा प्रश्न उरतो. न्यूयॉर्कच्या ऱ्हायझोम ह्या संस्थेने उलमनच्या पानाची प्रत २०१४ सालीच जतन करून ठेवली, आणि अभ्यासक तीच पाहतात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यापीठांना पाठभेद म्हणजे काय हे सांगावयास नको. पण येथील अडचण निराळी आहे. कर्त्रीने प्रसृत केलेला क्रम एकच आहे. प्रेक्षकांना मिळालेले क्रम मात्र जितके प्रेक्षक तितके. कोणी दिवसातून दहा वेळा पाहत असेल, कोणी आठवड्यातून एकदा. शिवाय जतन केलेल्या प्रतीत उलमनची चित्रे एकमेकांच्या शेजारी आहेत. मूळ प्रेक्षकाला ती मैत्रिणीच्या लग्नाच्या, भावाच्या मुलाच्या, कोणाच्या तरी सहलीच्या चित्रांच्या मध्ये दिसली होती, आणि त्या खऱ्या चित्रांच्या शेजारामुळेच ती खरी वाटली होती. तो शेजार कोणत्याही संग्रहात नाही. २०१६ नंतरच्या कृतींच्या बाबतीत तर वेळेवरून त्याचा अंदाजही बांधता येत नाही. म्हणून अशा कृतीचे वर्णन करताना प्रत्येक चित्राखाली त्याचा दिनांक आणि मागील चित्रापासूनचे अंतर नोंदवावे, जतन केलेली प्रत कोणत्या दिवशीची आहे ते सांगावे, आणि फीडमधील दर्शन व पानावरील दर्शन ह्यांविषयीची विधाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत. उलमनच्या कृतीवरील जे लेखन माझ्या पाहण्यात आले, त्यातील बरेचसे पानावरील दर्शनाचे आहे. कृती मात्र फीडसाठी रचलेली होती.