झोक्याचा दृष्टांत कुठवर?

नागपंचमीला बीड जिल्ह्यातल्या गावोगावी झाडांना झोके टांगले जातात. योग्य वेळी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो, हे मुलांना शिकवावे लागत नाही. म्हणून पुंज अवस्थेचे नियंत्रण समजावताना झोक्याचा दृष्टांत हमखास दिला जातो. लयीपुरता तो चोख आहे. २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ६ क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. अशा क्यूबिटलाही त्याच्या वारंवारितेशी जुळणारे मायक्रोवेव्ह स्पंद द्यावे लागतात.

पुढे मात्र हा दृष्टांत फसवतो. लयीत धक्के देत राहिले, की झोका चढतच जातो. क्यूबिट तसा वागत नाही. त्याच्या ऊर्जापातळ्यांतील अंतरे सारखी नसतात. पहिल्या पायरीवर नेणारा स्पंद त्याला दुसऱ्या पायरीवर नेऊ शकत नाही. त्यामुळे ठरावीक काळाने तो पूर्ण वर जातो आणि स्पंद तेवढाच काळ आणखी चालू ठेवल्यास पुन्हा खाली येतो. ही ‘राबी आंदोलने’. नियंत्रणाचे मर्म ‘कधी थांबायचे’ यात आहे आणि झोका नेमके तेच शिकवत नाही.

त्यापेक्षा जोडलंबक सरस. दोन खुंट्यांना सुतळी किंचित सैल बांधा. तिला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे दगड टांगा. एक दगड सुतळीला आडवा झुलवा. थोड्या वेळाने तो थांबतो, दुसरा झुलू लागतो. मग उलट घडते. पहिला थांबताक्षणी मधली सुतळी घट्ट धरली, तर देवाणघेवाणही थांबते. पहिला दगड म्हणजे खालची पातळी, दुसरा म्हणजे वरची, आणि सुतळीची जोड म्हणजे स्पंद.

यालाही मर्यादा आहे. अर्ध्या वाटेवर दोन्ही दगड झुलताना दिसतात. क्यूबिट त्या क्षणी मोजला तर ‘वर’ किंवा ‘खाली’ असे एकच उत्तर मिळते. पुन्हापुन्हा प्रयोग केल्यास साधारण निम्म्या वेळा ‘वर’. शिवाय मोजताच आधीची अवस्था मोडते. दगडांकडे पाहिल्याने त्यांचे झुलणे बदलत नाही.

महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त दृष्टांतामागोमाग दार्ष्टांतिक येते: तो कशाला, कसा लागू होतो याचा खुलासा. आपल्या विज्ञानलेखनात नेमके तेच गळते. शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘जुळते’ आणि ‘जुळत नाही’. दुसरा रकाना भरल्याशिवाय तास संपवू नये.