अभावावरून नाव, नावावरून कार्य

झेब्रा माशाच्या भ्रूणविकासाचे आनुवंशिक विवेचन करणाऱ्या वाङ्मयात 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा डिसेंबर १९९६ चा अंक आधारभूत मानला जातो. ट्यूबिंगेन व बॉस्टन येथील संशोधकगटांनी रसायनाच्या योगाने उत्परिवर्तने घडवून त्यांचे भ्रूणावरील परिणाम त्यात नोंदविले. एकट्या ट्यूबिंगेनच्या गटास ४२६४ उत्परिवर्तिते आढळली. सर्वसाधारण व्यंग दाखविणारी सुमारे दोन-तृतीयांश वगळून ११६३ चा अभ्यास झाला व ३७२ जनुके निश्चित झाली. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्याने दृढ केलेली नामपद्धती परीक्षणास पात्र आहे.

या पद्धतीत जनुक निकामी झाले असता जे व्यंग दिसते, त्यावरून जनुकास नाव मिळते. त्या अंकापूर्वीच ज्ञात असलेले 'नो टेल', म्हणजे 'अपुच्छ', हे याचे बोलके उदाहरण होय. हे जनुक निकामी असलेल्या भ्रूणास शेपूट येत नाही, तसाच त्याचा पृष्ठरज्जूही पूर्णत्वास जात नाही. नावाने मात्र पहिलाच अभाव टिपला. याहून गंभीर गोष्ट २००२ साली स्पष्ट झाली. 'अपुच्छ' भ्रूणाचे धड बहुतांशी शाबूत राहते; 'स्पेडटेल' या दुसऱ्या उत्परिवर्तनात धडाचे स्नायू नीट घडत नाहीत. परंतु दोन्ही जनुके एकदम निकामी असली, तर धडातील मध्यस्तराची घडणच कोलमडते. अर्थात 'अपुच्छ' जनुकाचा धडाच्या घडणीतही वाटा होता. त्याची उणीव दुसरे जनुक काही अंशी भरून काढीत असल्याने तो दृष्टीस पडला नव्हता.

येथील तर्कदोष भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. वाक्यातील एक शब्द गाळल्याने अर्थ बिघडला, तर तो शब्द तेथे आवश्यक होता एवढेच सिद्ध होते. त्याचा अर्थ काय, हे त्यावरून ठरत नाही. शब्द गाळूनही आशय कळला, तर तो शब्द निरर्थक होता असेही म्हणता येत नाही. संदर्भाने उणीव भरून काढलेली असते.

आज हे जनुक 'टीबीएक्सटीए' या नावाने नोंदले जाते. हे नाव प्रथिनाच्या कुलावरून आलेले आहे; पण त्या कुलाचे 'टी' हे अक्षर उंदरातील आखूड शेपटीच्या, १९२७ साली वर्णिलेल्या उत्परिवर्तनाचेच आहे. म्हणजे जुना अभाव नव्या नावातही लपून राहिला आहे. म्हणून मराठी पाठ्यग्रंथांत अशा संज्ञांचे अर्थानुवाद करण्याऐवजी मूळ नाव कायम ठेवून जनुकाचे कार्य स्वतंत्रपणे विशद करणे श्रेयस्कर ठरेल.