भार दिसला पाहिजे

लष्करी वाहनाचं मॉडेल पाहणारा माणूस पहिलं वाक्य बहुधा एकच बोलतो: ‘अगदी खऱ्यासारखं!’ मॉडेल करणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं. खऱ्यासारखं म्हणजे खऱ्यातल्या नेमक्या कशासारखं, हे विचारायचं राहून जातं. चित्र किंवा शिल्प पाहताना आपण एवढ्यावर भागवत नाही. मग मॉडेललाही थोडी टीका सोसायला लावायला हरकत नसावी. ते किटमधले तयार भाग न जोडता प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून कापून, घासून, चिकटवून उभं केलं असेल तर तशी टीका करायलाच हवी. या पद्धतीला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. किट जोडणाऱ्याच्या वतीने बरेचसे निर्णय कारखान्याने आधीच घेतलेले असतात. स्क्रॅच-बिल्डरचे सगळे निर्णय त्याचे स्वतःचे असतात, म्हणून त्यांची जबाबदारीही त्याचीच.

उदाहरणासाठी एक ट्रक घेऊ: अमेरिकन बनावटीचा डायमंड टी ९८०. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनला रणगाडे वाहून नेणारी वाहनं हवी होती. त्या मागणीतून हा ट्रक तयार झाला. लांब नाकाचा, पुढे दोन चाकं, मागे दोन ॲक्सलवर आठ, आणि आत हर्क्युलीस कंपनीचं १४.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. त्याच्या मागे २४ टायरांचा एम-९ ट्रेलर. ट्रकचे दहा आणि ट्रेलरचे चोवीस, असे एकूण ३४ टायर जमिनीवर. आता या जोडीचं तयार किट मिळतं, तरीही ती कोऱ्या प्लास्टिकमधून घडवावी असं वाटणारे लोक आहेत, आणि का ते समजण्यासारखं आहे. रणगाडा ही बंद पेटी असते. ट्रकचं मात्र सगळं उघड्यावर असतं: चासी, स्प्रिंगचे पाटे, शाफ्ट, हवेच्या नळ्या, विंच, हुक. कुठला भाग कुठल्या भागाला धरून आहे हे कळल्याशिवाय तो घडवता येत नाही.

या ट्रकची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्याच्या हौद्यात आहे. हा ट्रेलर ट्रकच्या पाठीवर टेकत नाही, दांड्याने मागे ओढला जातो. म्हणजे ट्रेलरवरच्या रणगाड्याचं वजन ट्रकच्या मागच्या चाकांवर पडत नाही. ओढणारा ट्रक हलका राहिला तर त्याची चाकं जागच्या जागी फिरतील. म्हणून हौद्यात मुद्दाम जड माल भरायचा आणि त्या मालाच्या वजनाने चाकं जमिनीत रोवायची. अशा ट्रकला बॅलास्ट ट्रॅक्टर म्हणतात. दुसऱ्याचं ओझं ओढता यावं म्हणून याने आधी स्वतः ओझं घ्यायचं, हे त्याच्या रचनेचं मूळ सूत्र. ते मॉडेलमध्ये दिसत नसेल, तर बाकीचं सगळं बरोबर असूनही मॉडेल चुकलं असं मी म्हणेन.

अडचण अशी की वजन लहान करता येत नाही. १/३५ प्रमाणात लांबी ३५ पटींनी कमी होते, पृष्ठभाग १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी. सुमारे १२ टनांचा हा ट्रक त्याच धातूंतून हुबेहूब लहान केला तर तो भरेल साधारण २८० ग्रॅम. प्लास्टिकचा तर त्याहूनही हलका. त्या वजनाने कुठलाही टायर दबत नाही, कुठलाही पाटा वाकत नाही. म्हणजे मॉडेलमध्ये लांबी-रुंदी खरी असते, रंग जवळपास खरा असतो आणि भार मात्र पूर्ण खोटा असतो. तो आणायचा तर खुणांनीच आणावा लागतो, चित्रकार सपाट कागदावर खोली आणतो तसा. मॉडेलमध्ये कला म्हणण्याजोगं काही असेल तर ते इथे आहे. बाकीचं उत्तम कारागिरीत मोडतं.

गंमत म्हणजे १/३५ हा आकडाही एका परीने ओझ्यानेच ठरवला. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढा त्याचा आकार ठेवला. नंतर मोजून पाहिलं तर प्रमाण साधारण १/३५ भरलं. पुढे तेच रूढ झालं.

या छंदात काटेकोरपणाचा अर्थ काय घेतात ते पाहू. ९८० आणि ९८१ यांत फरक काय, तर ९८१ वर विंचची तार पुढूनही काढता येते. पत्र्याची बंद केबिन आधीची, कापडी छताची उघडी केबिन १९४३ नंतरची. ही माहिती खरी आहे आणि ती जपायलाच हवी. जाडीचंही तसंच. खऱ्या मडगार्डचा ३ मिलिमीटरचा पत्रा या प्रमाणात ०.०९ मिलिमीटरपेक्षाही पातळ होतो. पाव मिलिमीटरचं प्लास्टिक म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटरची प्लेट झाली. म्हणून चांगला कारागीर मडगार्डची कड आतून घासत घासत पातळ करतो किंवा सरळ पितळी पत्रा वापरतो. या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ही सगळी वस्तूची ओळखपत्रं झाली. ट्रक कुठला, कोणत्या वर्षीचा, हे त्यातून कळतं. त्या क्षणी तो काय करतो आहे, हे कळत नाही.

ती उणीव रंगकामाने भरून काढायची अशी पद्धत पडली आहे. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी पातळ गडद रंग खाचांत सोडायचा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायचे, ही रीत सगळीकडे पोहोचवली. पुढे स्पॅनिश मॉडेलकारांनी एकेका पत्र्यावर उजेड-सावलीच्या छटा काढायला सुरुवात केली. गंज, चिखल, तेलाचे ओघळ, उडालेले पोपडे, या सगळ्यांसाठी आता वेगवेगळ्या बाटल्या मिळतात. परिणाम देखणा असतो, तरी त्यात एक घोटाळा आहे. ही झीज ट्रककडे पाहून उतरवलेली नसते, आधीच्या मॉडेलांकडे पाहून उतरवलेली असते. दोन-तीन वर्षं वापरलेल्या लष्करी ट्रकवर वीस वर्षं भंगारात पडल्यासारखा गंज चढतो. वय दिसतं, काम दिसत नाही. ट्रक म्हातारा झाला एवढंच कळतं. तो कशाने दमला ते कळत नाही.

काम कसं दिसतं हे खरं तर आपल्याला कोणी शिकवायला नको. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यावर उभं राहिलेला कोणीही ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या भरलेल्या आहेत की रिकाम्या हे लांबूनच सांगतो, ऊस दिसायच्या आधी. रिकामी ट्रॉली उड्या मारत येते, भरलेली दबून येते. टायर जमिनीशी फुगलेले असतात, पाटे सरळ झालेले असतात, ओढणारा दांडा ताणलेला असतो. खड्डा आला की सगळा सांगाडा एकदम न हलता एकेक चाक करून हलतो. या चार-पाच खुणा मॉडेलमध्ये आणणं मुळीच अशक्य नाही. पाटे पाव मिलिमीटरच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवूनच करायचे असतात. त्यांना किती कमान द्यायची हा कारागिराच्या हातातला निर्णय आहे. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट मिलिमीटरभर कमी केली की खऱ्या ट्रकची पाठ साडेतीन सेंटिमीटर खाली बसते.

मग हे होत का नाही? माझ्या मते कारण संदर्भसाहित्यात आहे. स्क्रॅच-बिल्डर काम करतो ते आराखड्यांवरून. आराखड्यातला ट्रक सपाट रेषेवर, रिकामा, सरळ उभा असतो. दुसरा आधार म्हणजे जतन केलेल्या वाहनांचे फोटो. तेही रिकामे, टायरांत पुरेपूर हवा, ओढायला मागे काही नाही. या दोन्हींशी जितकं प्रामाणिक राहावं तितका ट्रक बिनओझ्याचा होत जातो. युद्धकाळातल्या फोटोंत भार असतो, पण त्या फोटोंचा उपयोग बरेचदा केवळ क्रमांक, खुणा आणि सामान तपासण्यापुरता होतो. ट्रक किती बसला आहे हे त्यात मोजलं जात नाही.

स्पर्धांचे निकषही याच दिशेला ढकलतात. सांधे दिसू नयेत, सगळं एका रेषेत असावं, सगळी चाकं जमिनीला टेकावीत, हे परीक्षक आधी पाहतात. नियम आपल्या जागी योग्य आहेत, कारण ढिसाळ काम त्यातून लगेच उघडं पडतं. पण ३४ टायर काचेवर ठेवल्यासारखे एका पातळीत टेकवायचे हेच ध्येय झालं, की असा ट्रेलर खडबडीत जमिनीवर चालतो कसा हा प्रश्न मागे पडतो. याउलट टोकही आहे. दबलेले दिसणारे रेझिनचे टायर आता विकत मिळतात. ते सगळीकडे सारखेच दबलेले असतात. रिकाम्या ट्रेलरलाही तेच, भरलेल्यालाही तेच. भार ही सजावट झाली, की तीही गंजाच्या बाटलीच्या पंगतीत जाऊन बसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, मी कथा सांगत नाही, मी यंत्राची नोंद करतो आहे. रिकामा ट्रकही ट्रकच असतो. मान्य. संग्रहालयासाठी केलेलं स्वच्छ, रिकामं मॉडेल मला चिखलाने माखलेल्या मॉडेलपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते भाराचा दावाच करत नाही. माझी तक्रार मधल्या प्रकाराबद्दल आहे: ट्रेलरवर रणगाडा चढवलेला, साखळ्या आवळलेल्या, सगळीकडे वाळवंटाची धूळ, आणि खाली पाटे मात्र कारखान्यातून आजच निघाल्यासारखे कमानदार. तिथे रणगाडा ओझं उरत नाही, कपाटावर ठेवलेली शोभेची वस्तू होतो. अमेरिकन मॉडेलकार शेप पेन यांचं ‘हाउ टू बिल्ड डायोरामाज’ हे पुस्तक १९८० साली आलं. देखाव्यातून गोष्ट सांगण्याची कला त्याने कित्येकांना शिकवली. पण ट्रकच्या बाबतीत गोष्ट सांगायला शेजारी चार सैनिक उभे करावे लागत नाहीत. ती पाट्यांतच असते.

आणि हा केवळ तंत्राचा वाद नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात लोक जातात ते रणगाडे पाहायला. ते युद्धभूमीपर्यंत पोहोचले कसे, हा विचार तिथे सहसा मनात येत नाही. लांबचा पल्ला स्वतःच्या पट्ट्यांवर कापला तर रणगाड्याचे पट्टे आणि इंजिन लढाईआधीच झिजतात. म्हणून त्याला कोणीतरी वाहून न्यावं लागतं, आणि मोडला की विंचने खेचून, ट्रेलरवर चढवून परत आणावं लागतं. कधी कधी त्या मोडलेल्या रणगाड्यात काय सापडायचं याची कल्पना करता येते. युद्ध म्हणजे फार मोठ्या प्रमाणावर ओझी वाहणं. लढाईच्या चित्रांतून आणि खेळण्यांतून आधी गळतं ते हेच, आणि ते गळालं की युद्ध हलकंफुलकं वाटू लागतं. ट्रक आणि ट्रेलर हा विषय निवडणाऱ्याने रणगाड्याचा दिमाख बाजूला ठेवून वाहणाऱ्याची बाजू घेतलेली असते. ती त्याने शेवटपर्यंत निभवावी, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून असं मॉडेल पाहताना रिव्हेट मोजण्याआधी तीन जागा पाहाव्यात. मागच्या पाट्यांची कमान, ट्रकला ट्रेलर जोडणारा दांडा आणि केबिनमधली चालकाची सीट. सत्तर किलोचा माणूस १/३५ प्रमाणात दीड ग्रॅमच्या थोडा वर भरतो. त्याची आकृती केबिनमध्ये बसवलेली नसली तरी चालेल. पण त्याची सीट शेजारच्या सीटपेक्षा थोडी जास्त दबलेली असेल, तर तो ट्रक कोणीतरी चालवत आणला आहे हे मी मानायला तयार आहे.