शिदोरी कीं शिधा? मोहिमेवरील प्याद्याच्या ओझ्याविषयींच्या एका रूढ समजुतीची चिकित्सा

शिवकालीन मावळ्यासंबंधीं लिहिणाऱ्या पुष्कळ लेखकांनीं एक चित्र वाचकांच्या मनांत दृढ करून ठेविलें आहे. कमरेस तरवार, पाठीस ढाल, खांद्यावर घोंगडी आणि पदरांत भाकरी-कांदा. एवढ्या सामानावर हा वीर चार चार दिवस डोंगर तुडवीत असे, असें सांगण्यांत येतें. चित्र मोहक आहे, व त्यांतील कांहीं भाग खराहि आहे. परंतु जें मोहक तें साधनांच्या कसोटीस लावून पाहणें हेंच संशोधकाचें काम असल्यामुळें, प्रस्तुत लेखांत या समजुतीची थोडी छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या समजुतीच्या पुष्ट्यर्थ जे प्रसंग पुढें करण्यांत येतात ते पाहूं. जुलै १६६० मधील पन्हाळ्याहून विशाळगडाकडील निसटणें, एप्रिल १६६३ मधील शाएस्तेखानावरील छापा आणि फेब्रुवारी १६७० मधील सिंहगडची चढाई, हे ते तीन प्रसंग होत. तिन्हींचें स्वरूप एकच आहे. हीं एका रात्रीचीं, फार तर एका रात्रीचीं व दुसऱ्या दिवसाच्या कांहीं भागाचीं कामें होतीं. अशा वेळीं शहाणा शिपाई अंगावरचें शक्य तेवढें ओझें मागेंच ठेवितो. तेव्हां एका रात्रीच्या सामानावरून चार किंवा दहा दिवसांच्या सामानाचें अनुमान काढणें हा तर्कशास्त्राचा उघड प्रमाद आहे.

आपल्या भाषेनें हा भेद पूर्वींच करून ठेविला आहे. शिजविलेलें अन्न बांधून नेलें म्हणजे ती शिदोरी. कच्चें धान्य, पीठ, डाळ, मीठ मोजून दिलें म्हणजे तो शिधा. भाकरी दोन दिवसांत वाळते किंवा बुरसते. म्हणून शिदोरी एका मजलेची, आणि त्यापुढें शिध्यावांचून गति नाहीं. शिधा आला कीं त्यामागून तवा किंवा भांडें आलें, चकमक आली, सरपण आलें, पाण्याची सोय आली आणि रांधण्यास लागणारा वेळहि आला. भाकरी-कांद्याचें चित्र शिदोरीचें आहे. मोहीम मात्र शिध्यावर चालते.

आतां वजनाचा हिशेब करूं. शेराचें माप परगणोपरगणीं निराळें असे. आम्हीं येथें ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा शेर धरितों. दिवसभर घाट चढणाऱ्या मनुष्यास रोज एक शेर धान्य कांहीं फार नव्हे. चार दिवसांचें धान्य पावणेचार किलोग्रॅम, दहा दिवसांचें नऊ किलोग्रॅमांहून अधिक. त्यावर ढाल-तरवार, बंदूकवाल्याची बंदूक, दारू, गोळ्या व जामगी, घोंगडी, कोयता आणि पाणी. हें सर्व एकत्र केलें असतां चार दिवसांचें ओझें एका पाठीस पेलतें, पण दहा दिवसांचें घेऊन लढण्याजोगी चपळाई उरत नाहीं. म्हणजे चौथ्या-पांचव्या दिवसापुढें प्रश्न शिपायाच्या काटकपणाचा राहत नसून दुसऱ्या कोणाच्या पाठीचा होतो.

या दृष्टीनें कृष्णाजी अनंत सभासदाची बखर पुन्हां वाचावी. १६९४ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या या बखरींत लष्कराचा जो कायदा सांगितला आहे, त्याचा आधार ‘मावळ्याजवळ कांहीं नसे’ असें म्हणणारे वारंवार घेतात. त्या कायद्याचा आशय असा कीं, दसऱ्यास लष्कर छावणींतून निघतांना लहानथोरांच्या चीजवस्तूचा जाबिता करावा, आणि परत येतांना झडती घेऊन जाबित्याबाहेर जें निघेल तें सरकारांत जमा करावें वा वेतनांत वजा करावें. हा नियम लुटीचा हिशेब राखण्यासाठीं आहे. शिपायानें काय बांधून न्यावें हें सांगण्यासाठीं नव्हे. आमचा दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. ज्याच्याजवळ तरवार आणि भाकरीखेरीज कांहीं नाहीं, त्याचा जाबिता करण्यास कारकून कशाला बसवावा? जाबित्याची आज्ञा हाच सामान असल्याचा पुरावा आहे. जें वचन अभावाचें साक्षी म्हणून उभें केलें जातें, तेंच उलट साक्ष देतें.

त्याच बखरींत आणखी दोन गोष्टी आहेत. पागेंतील दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. आणि परमुलखांत गाय धरूं नये, बैल मात्र ओझ्यासाठीं घ्यावा, अशी मोकळीक ठेविली आहे. पहिली गोष्ट स्वारांची आहे, ती प्याद्यांस जशीच्या तशी लावतां येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पाणी आणि नाल हीं व्यक्तीचीं नसून तुकडीचीं कामें आहेत, आणि ओझें जनावरावर घालावयाचें आहे, ही दृष्टि दोहोंवरून स्वच्छ दिसते.

चिपळुणाजवळच्या छावणींतील पागेच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनीं लिहिलेलें, राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराचें प्रसिद्ध पत्र याच दृष्टीचें आहे. रयतेच्या कणवेचा पुरावा म्हणून तें नेहमीं उद्धृत होतें, आणि तें योग्यच आहे. पण तें पत्र मुळांत शिध्याचें आहे. दाणा व गवत आतांच उधळलें तर पावसाळ्यांत घोडीं मरतील, लोक कुणब्यांच्या घरीं दाणा, भाकर, गवत, फाटें, भाजी मागूं लागतील, आणि रयतेस मोगल बरे वाटूं लागतील, अशी त्यांतील विचारसरणी आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, येथपर्यंत ज्या राज्यकर्त्याची नजर पोहोंचते, त्याचें सैन्य शिध्याच्या तजविजीवांचून केवळ जिद्दीवर चालत असे असें म्हणणें हा त्याचा गौरव नव्हे.

हा प्रमाद केवळ आपल्याकडेच होतो असें नाहीं. रोमन प्यादा ६० रोमन पौंड, म्हणजे सुमारें वीस किलोग्रॅम ओझें वाहत असे, असें वेगेटिअसाच्या आधारें सर्रास लिहिलें जातें. वस्तुतः वेगेटिअस नव्या शिपायांच्या तालमीचा नियम सांगत आहे. प्रत्यक्ष सामानाची यादी देत नाहीं. तशी यादी जोसेफसाच्या ज्यू युद्धाच्या इतिहासांत आहे : करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. येथें तीन दिवस हा आंकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आमच्या वरील हिशेबाची मर्यादाहि त्याच्याच आसपास पडते.

मग मावळ्याचें हलकेपण खोटें म्हणावयाचें काय? मुळींच नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्याचें ओझें हलकें होतें कारण तें अन्यत्र ठेविलेलें होतें. तें अन्यत्र म्हणजे गड. हवालदार, सरनोबत व सबनीस यांच्या बरोबरीनें प्रत्येक गडावर कारखानीस नेमिलेला असे, आणि धान्यसामग्रीचा हिशेब त्याच्याकडे असे. पन्हाळ्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या कोठ्या आजहि उभ्या आहेत. सह्याद्रींत एका गडावरून दुसरा गड दिसतो, तेथें स्वराज्यांतून फिरणाऱ्या शिपायास दहा दिवसांचा शिधा पाठीवर घेण्याचें कारण नव्हतें. मावळ्याच्या गांठोड्यांत काय नव्हतें याचें उत्तर गडाच्या अंबारांत शोधावें. ही सांखळी तुटली म्हणजे काय होतें हें पानिपतानें दाखविलें. डिसेंबर १६७० पासून नव्वद वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर १७६० मध्यें, रसदेच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी सैन्यास रणांत उतरावें लागलें. त्या सैन्यांत शौर्याची वाण नव्हती, शिध्याची होती.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. दप्तर हातीं आलें म्हणजे आपण प्रथम शिक्कामोर्तबाचीं पत्रें, सनदा व महजर निवडतों. आणि धान्याच्या याद्या, बैलांच्या भाड्याचे हिशेब, कोठीचीं फाटकीं टिपणें हीं बाजूस पडतात, प्रसंगीं रद्दींतहि जातात. सनदेवरून वतन कोणाचें तें कळतें. पण सैन्य चाललें कसें, हें त्या फाटक्या टिपणावरूनच कळावयाचें आहे. ज्यांच्या घरीं गडकऱ्यांचीं किंवा कारखानिसांचीं जुनीं दप्तरें असतील, त्यांनीं हीं चिठोरीं जपून ठेवावीं, तीं ज्या रुमालांत सांपडलीं तो रुमाल मोडूं नये, आणि त्यांच्या नकला प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या. भाकरी-कांद्याची कथा पुढेंहि सांगितली जाईल; पण इतिहास लिहितांना शिदोरी आणि शिधा यांतील अंतर आपण विसरतां कामा नये.