वाघाच्या डोक्यावरचा मॅगपाय

मंडळी, हा चित्रप्रकार कोरियाचा, 'मिनह्वा', म्हणजे लोकचित्र. पाइनच्या फांदीवर मॅगपाय, खाली वाघ. नववर्षाला लोक हे घरात लावत. वाघानं अरिष्ट अडवायचं, पक्ष्यानं शुभवार्ता आणायची. मॅगपाय म्हणजे आपला दयाळ नव्हे बरं का. हा कावळ्याच्या कुळातला, टकाचोराचा नातलग. सकाळी तो ओरडला की पाहुणा येणार, अशी तिकडची समजूत. आपण कावळ्याबद्दल हेच म्हणतो!

वाघ म्हणजे उमराव, मॅगपाय म्हणजे रयत, असा अर्थ अभ्यासक लावतात. आम्हाला तो अपुरा वाटतो. वाघाचे ते गरगरीत डोळे पाहिले की हसूच येतं. हा ऐकीव वाघ वाटतो. आता पक्षी बघा. मान तिरकी, चोच उघडी, लांब शेपटीनं तोल सावरलेला. असं चित्र अंगणात रोज पक्षी पाहणाराच काढणार. मॅगपाय वस्तीजवळच घरटं बांधतो, चित्रकाराला लांब जायला नको. रूपक विसरा, तरी हा पक्षी जिवंत राहतो.

१९८८च्या सोल ऑलिंपिकला मात्र शुभंकर झाला तो वाघच, होडोरी. आमचं मत मॅगपायला पडलं असतं.