लोणारचे परागकण आणि जव्हारचे डोंगर

जव्हार-मोखाड्याचे डोंगर उघडे का पडले, असे विचारले की वर्गात ठरलेले उत्तर येते : आदिवासींनी जंगल जाळून नागली-वरई पिकवली म्हणून. नील्स रीडेल व सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध अशा उत्तरांना हादरा देतो. शिक्षकांनी तो समजून घ्यावा, पण डोळे मिटून स्वीकारू नये, असे आम्हांला वाटते.

निबंध लोणार सरोवराच्या तळातील गाळावर आहे. परागकणाचे कवच इतके चिवट की हवा न पोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. थराथरांतले कण ओळखून मोजले की त्या त्या काळचे रान डोळ्यांपुढे येते. लेखकांचे म्हणणे असे : सुमारे ६००० वर्षांपासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला, त्यामुळे वन हटून विरळ झाडांचे गवताळ रान पसरले. हे माणसाने किंवा वणव्याने घडवले नाही. शेती मागाहून आली.

पुरावा भक्कम आहे. मात्र एका विवराच्या गाळावरून साऱ्या द्वीपकल्पाविषयी बोलणे धाडसाचेच. जव्हारला लोणारपेक्षा पाऊस कितीतरी अधिक. तिथली गोष्ट जशीच्या तशी इथे चढवता येणार नाही.

मग इथलाच गाळ का तपासू नये? अडचण पिकांचीच आहे. भाद्रपदात नागली, वरई आणि बांधावरचे गवत यांचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहा : सारे गोल, सारे एकाच छिद्राचे. म्हणजे परागांच्या तक्त्यात ‘गवत वाढले’ असे दिसले, तर ते माळरान की वरईचे शेत, हे कळत नाही. राबाचेही तसेच. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात, झाड मात्र राखतात. छाटलेल्या झाडाला फुलोरा कमी. साहजिकच परागांत वन आहे त्याहून विरळ भासेल. वर राब भाजल्याचा कोळसा ओहोळातून गाळात जाणारच. तो वणव्याचा म्हणून मोजला गेला, तर राखलेले झाड पुराव्यात ‘जाळलेले’ ठरेल!

तृणधान्यांच्या तुसांतले सिलिकाचे सूक्ष्म कण अधिक नेमके बोलू शकतात. परागांच्या जोडीला तेही तपासायला हवेत. आणि ठाण्याच्या जंगलांतून मुंबईला गेलेल्या लाकडाचा हिशेब तर कागदोपत्री आहे, त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही.