अस्थिलेख आणि चिनी लिपीचा उगम : एका मताची चिकित्सा

चिनी लिपी शकुनविद्येतून जन्मली, हे मत अनेक ग्रंथांतून सिद्ध गोष्टीप्रमाणे सांगितले जाते. फ्रेंच चीनविद्या-पंडित लेऑं व्हांदेरमेर्श (१९२८–२०२१) यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या, शकुनविद्या व भावलिपी यांचा चिनी विचाराशी संबंध तपासणाऱ्या ग्रंथात या मताची सर्वांत पद्धतशीर मांडणी केली आहे. ही लिपी मुळात बोली टिपण्यासाठी घडलीच नाही. अस्थींवरील भेगांचा अर्थ लावणाऱ्या शकुनज्ञांनी तिची चिन्हे घडविली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांचा व्यासंग वादातीत आहे. तथापि हे मत स्वीकारले की अक्षराच्या जन्माचे श्रेय राजा आणि त्याचे शकुनज्ञ यांच्याकडे जाते. म्हणूनच पुरावा तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

१८९९ साली पेकिंगमधील विद्वान वांग यीरोंग यांना औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या 'नागअस्थीं'वर प्राचीन अक्षरे आढळली, असे परंपरेने सांगितले जाते. या अस्थींचे मूळ स्थान हनान प्रांतातील आन्यांगजवळचे श्याओतुन हे गाव होय. तेथे १९२८ साली शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले आणि १९३६ साली एकाच खड्ड्यातून सतरा हजारांवर तुकडे मिळाले. हे लेख शांग राजवंशाच्या उत्तरकाळातील असून त्यांचा आरंभ इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास, राजा वू दिंग याच्या काळात होतो.

बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडील कवचावर मागील बाजूने खाचा पाडून तेथे उष्णता देत. पुढील बाजूस उमटलेल्या भेगांवरून शकुन ठरे, आणि त्यानंतर प्रश्न, भाकीत व क्वचित प्रत्यक्ष घडलेली गोष्ट कोरली जाई. राणी फू हाव हिच्या प्रसूतीविषयीचा लेख प्रसिद्ध आहे. राजाने शुभ दिवस सांगितले. एकतीस दिवसांनी प्रसूती झाली. ती शुभ ठरली नाही, कारण मुलगी झाली, अशी त्यात नोंद आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा निवाडा वाचताना मन विषण्ण होते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शकुन पाहून झाल्यावर लिहिलेली ही नोंद आहे.

व्हांदेरमेर्श यांच्या मतावर आमचे चार आक्षेप आहेत. पहिला कालक्रमाचा. उत्तर चीनमध्ये हाडे तापवून शकुन पाहण्याची चाल इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकाच्या अखेरीपासून आढळते. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे ही विद्या अक्षराविना चालली. दुसरा आशयाचा. त्याच अस्थींच्या कडांवर कोणी किती कवचे पाठविली, याच्याही नोंदी आहेत. हा शकुन नव्हे, हिशेब आहे. तिसरा ध्वनीचा. गव्हाचे चित्र 'येणे' या अर्थाच्या शब्दासाठी आणि सुपाचे चित्र संभाव्यता दर्शविणाऱ्या अव्ययासाठी वापरलेले आहे, ते केवळ उच्चारसाम्यामुळे. म्हणजे ही लिपी आरंभापासूनच बोलीशी बांधलेली आहे. चौथा आक्षेप सर्वांत मोलाचा. दोरीने ओवलेल्या पट्ट्यांचे, म्हणजे पुस्तकाचे, चिन्ह अस्थिलेखांतच आहे. कुंचला धरलेल्या हाताचेही आहे. बांबूच्या पट्ट्यांवर लिहिले जात होते. त्या कुजल्या, हाडे उरली. रॉबर्ट बॅगली यांनी २००४ साली याच दिशेने युक्तिवाद केला असून तो आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो.

पालीच्या अभ्यासकांस हा सापळा परिचित आहे. अशोकाचे शिलालेख टिकले. सिंहलद्वीपात वट्टगामणीच्या काळी त्रिपिटक लेखनिविष्ट झाले, असे परंपरा सांगते; पण त्या काळचे एकही ताडपत्र आज उपलब्ध नाही. म्हणून तेथे लेखन केवळ दगडावरच होत होते, असे कोणी म्हणेल काय? जे टिकले तेच आद्य, हा न्याय तर्कदुष्ट आहे.

व्हांदेरमेर्श यांच्या प्रतिपादनातील ग्राह्यांशही सांगितला पाहिजे. शकुन पाहणे या अर्थाचे चिन्ह भेगेचेच चित्र आहे. आणि शांग लेखनाचा सर्वांत मोठा उपलब्ध साठा शकुनलेखांचाच आहे. परंतु साठा म्हणजे उगम नव्हे. उपलब्ध पुरावा एवढेच सांगतो की, शकुनज्ञांनी अक्षर निर्माण केले नाही. जे अक्षर अस्तित्वात होते ते त्यांनी आपल्या कामी जुंपले. ज्यांच्या हाती विद्या सापडते त्यांनाच तिचे जनक मानण्याची सवय इतिहासलेखनात जुनी आहे. बांबूच्या पट्टीवर धान्य व कवचे मोजणाऱ्या अनामिक लेखकाची पट्टी कुजली. म्हणून त्याचा वाटाही नाकारणे, हे संशोधनाच्या नीतीला धरून नाही.